सॉफ्टवेअरच्या आतला ब्राउझर पांढरा पडला? फॉरमॅट मारायच्या आधी या क्रमाने तपासा

बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडते, मेनू येतो, स्टॉक दिसतो, पण ज्या खिडकीत पोर्टल उघडायला पाहिजे ती पांढरीफटक. दुकानदार गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावतो, तो क्रोम उघडून पाहतो, क्रोममध्ये साईट झकास चालते, मग तो म्हणतो नेट चांगलं आहे, सॉफ्टवेअरच बिघडलं. सॉफ्टवेअर काढून परत टाकतो, तरी पांढरं. मग विंडोज फॉरमॅट. आणि पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्राचा काउंटर अख्खा दिवस बंद.

मी दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात कृषी केंद्रं, जिनिंग आणि सेतूवाल्यांच्या मशीनी पाहतो. हा प्रकार इतक्या वेळा पाहिला की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. इथं जो क्रम दिला आहे तोच ठेवा, मधल्या पायऱ्या गाळू नका, घोळ बहुतेक तिथंच होतो.

## सुरू करायच्या आधी: हा ब्राउझर तुमचा क्रोम नाही

सॉफ्टवेअरच्या खिडकीत जे वेबपेज दिसते ते दाखवणारा ब्राउझर वेगळा असतो, त्याचा कॅश वेगळा, लॉगिन वेगळं, सेटिंग वेगळी. क्रोमची हिस्ट्री साफ करून इथं काडीचाही फरक पडत नाही. तरी दर दुसरा माणूस आधी तेच करतो.

आपल्याकडच्या मशीनवर साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला म्हणजे जुना इंटरनेट एक्सप्लोररचा कंट्रोल, दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हाच. दुसरा मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू२, हा एजच्या इंजिनवर चालतो आणि त्याचा रनटाईम, म्हणजे तो चालायला लागणारा भाग, विंडोजमध्ये वेगळा टाकलेला असतो. तिसरा प्रकार म्हणजे क्रोमियम, म्हणजे क्रोमचं मूळ इंजिन, सॉफ्टवेअरसोबतच बांधून दिलेलं, त्यात सेफशार्प आणि इलेक्ट्रॉन आले. तिघांचं औषध वेगळं आहे. सेफशार्पच्या सॉफ्टवेअरसाठी वेबव्ह्यू२ चा रनटाईम टाकत बसलं तर रात्र जाईल, फायदा काही नाही.

## पेनड्राइव्हमध्ये हे घेऊन निघा

गावात पोचल्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर शंभर एमबीची फाईल उतरवायची वेळ येऊ देऊ नका. दिवसाचा डेटा तिथंच संपतो आणि मग तपासायलाही नेट राहत नाही.

- वेबव्ह्यू२ रनटाईमचा ऑफलाईन इन्स्टॉलर, ज्याला स्टँडअलोन म्हणतात तो, ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही. जो दोनेक एमबीचा छोटा इन्स्टॉलर मिळतो तो उरलेला माल नेटवरूनच ओढतो, खेड्यात तो कामाचा नाही.
- व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रिडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज, हेही दोन्ही बिटचं. सेफशार्पला लागते.
- ग्राहकाकडे ज्या व्हर्जनचं सॉफ्टवेअर आहे त्याच व्हर्जनचा सेटअप.
- सीआर २०३२ चे एक-दोन बटन सेल. हसू नका, पुढे कळेल.
- एक वही. काय बदललं, किती वाजता बदललं, लिहून ठेवायला.

थांबा: कशालाही हात लावायच्या आधी सॉफ्टवेअरच्या डेटाचा बॅकअप घ्या, आणि तो त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नाही तर पेनड्राइव्हवर घ्या.

## पायरी १: फोनवरच अर्धं काम करा

फोन आला की बोलणं साधारण असं असते: "दादा, खिडकी पांढरीच येऊन राहिली." काय केलं होतं? "काहीच नाही केलं, काल तं चालत होतं, आपोआपच झालं." यातून काही निघत नाही. म्हणून ठरवून प्रश्न विचारा.

एकाच कॉम्प्युटरवर होऊन राहिलं की काउंटरच्या सगळ्याच मशीनवर? एकच खिडकी पांढरी की सगळ्या? काल संध्याकाळ ते आज सकाळ या मधात लाईट गेली होती का, विंडोजचं अपडेट आलं का, नवीन अँटीव्हायरस कोणी टाकला का, पोराने गेम टाकला का? आणि पूर्ण पडद्याचा फोटो मागवा, खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळासकट. नुसत्या एररच्या चौकोनाचा फोटो चालत नाही. पूर्ण फोटोत तारीख दिसते, नेटचं चिन्ह दिसते, मागे कोणते प्रोग्राम उघडे आहेत ते दिसते. माझ्या बऱ्याच केसेस फोटोवरच सुटतात, गाडी काढावीच लागत नाही.

उत्तरांवरून असं धरा:

तीन गावांतल्या तीन दुकानांत एकाच वेळी बंद पडलं तर बहुतेक पोर्टलच झोपलं आहे. कोणाच्याही मशीनला हात लावू नका, चहा प्या. एकाच दुकानातल्या सगळ्या मशीनवर बंद असेल तर नेट, राउटर किंवा सर्व्हर मशीनचं शेअर फोल्डर पाहा. एकाच मशीनवर असेल तर खाली या. आणि त्याच मशीनवर दुसऱ्या विंडोज युजरने लॉगिन केल्यावर चालत असेल तर पायरी २ करून सरळ पायरी ५ वर जा, दोष पहिल्या युजरच्या फोल्डरात आहे. फक्त मग रनटाईम त्या दुसऱ्या युजरपुरताच टाकलेला नाही ना, एवढं पायरी ४ मध्ये पाहून घ्या.

## पायरी २: आत कोणता ब्राउझर आहे ते ओळखा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि हेच सगळे गाळतात.

सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राईट क्लिक करून त्याचं फोल्डर उघडा. आत वेबव्ह्यू२लोडर नावाची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामची जोडफाईल, दिसली, कधी ती रनटाईम्स नावाच्या आतल्या फोल्डरात असते, तर आत वेबव्ह्यू२ आहे. लिबसेफ नावाची शंभर एमबीच्या वरची भली मोठी डीएलएल दिसली तर सेफ म्हणजे क्रोमियमचा बांधीव प्रकार. रिसोर्सेस फोल्डरात अ‍ॅप डॉट असार नावाची फाईल दिसली तर इलेक्ट्रॉन. यातलं काहीच नसेल आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर बहुतेक इंटरनेट एक्सप्लोररचा कंट्रोल.

खात्री टास्क मॅनेजरमध्ये होते. डिटेल्स टॅबवर जा, वरच्या पट्टीवर राईट क्लिक करून कमांड लाईनचा कॉलम चालू करा. वेबव्ह्यू२ असेल तर एमएस एज वेबव्ह्यू२ नावाच्या पाच-सहा प्रोसेस दिसतील. पाच-सहा दिसल्या म्हणून व्हायरस समजून एंड टास्क करू नका, क्रोमियम असंच चालते, पेज काढणारी प्रोसेस वेगळी, ग्राफिक्सची वेगळी, नेटवर्कची वेगळी.

इथं फसतात: विंडोज ११ मध्ये विजेट्स, टीम्स हेही वेबव्ह्यू२ च वापरतात. म्हणजे नुसती प्रोसेस दिसली म्हणून ती आपल्याच सॉफ्टवेअरची असं नाही. कमांड लाईनच्या कॉलममध्ये आपल्या सॉफ्टवेअरच्या ईएक्सईचं नाव आणि युजर डेटा फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता वहीत उतरवून घ्या, पायरी ५ मध्ये लागतोच.

## पायरी ३: तारीख, जागा, नेट

तारीख आधी. मजाक नाही.

मागच्या एका हंगामात एका खताच्या दुकानातून फोन आला, तिथल्या पोराने दोन दिवसांत दोनदा विंडोज टाकलं होतं. तारीख पाहिली तर सात-आठ वर्षं मागची. लाईट दिवसातून चारदा जाते, इन्व्हर्टर नुसता पंख्याला जोडलेला, मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे मशीन बंद पडली की घड्याळ मागे. एचटीटीपीएस साईटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, सप्टेंबर २०२० पासून नवीन सर्टिफिकेट ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं देता येत नाही, म्हणजे तारीख वर्षभरही मागे गेली तरी साईट बहुतेक नाकारली जाते. क्रोम असता तर त्याने मोठा इशारा दाखवला असता. पण सॉफ्टवेअरच्या आतल्या खिडकीत लिहिणाऱ्याने एरर दाखवायची सोय केलीच नसेल तर नुसतं पांढरं. त्या पोराने साईट तपासली होती, पण आपल्या मोबाईलवर. सेल बदलला, तारीख लावली, काम झालं.

म्हणून तपासणी नेहमी त्याच मशीनवर करा. त्याच मशीनच्या एजमध्ये तोच पत्ता उघडा. तारखेचा इशारा आला तर तारीख. नाव सापडत नाही असं आलं तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, राउटर बंद-चालू करून पाहा. प्रॉक्सीचं, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेटिंगचं, नाव आलं तर विंडोजच्या सेटिंगमधली प्रॉक्सी बंद करा, वेबव्ह्यू२ विंडोजचीच प्रॉक्सी सेटिंग धरते आणि कुठलं तरी फुकटचं व्हीपीएन काढून टाकलं तरी त्याची प्रॉक्सी मागे राहून जाते. सर्टिफिकेट देणारा ओळखीचा नाही असं आलं आणि तारीख बरोबर असेल तर अँटीव्हायरसकडे पाहा, काही अँटीव्हायरस एचटीटीपीएस तपासायला स्वतःचं सर्टिफिकेट मधात घुसवतात, ते स्कॅनिंग तेवढं बंद करून परत पाहा.

मग सी ड्राइव्हवर जागा किती उरली ते पाहा. जागा संपली की ब्राउझरला कॅश लिहिता येत नाही आणि विचित्र लक्षणं दिसतात, कधी उघडते, कधी अर्धं पेज येते. लग्नाचे व्हिडिओ दुकानाच्या कॉम्प्युटरवर असतातच, ते दुसरीकडे हलवा.

तपासा: त्याच मशीनच्या एजमध्ये पोर्टल नीट उघडलं का? नसेल उघडलं तर पुढे जाऊ नका, दोष सॉफ्टवेअरचा नाही.

## पायरी ४: वेबव्ह्यू२ चा रनटाईम आहे का, आणि कोणासाठी आहे

विंडोज ११ मध्ये तो आधीपासूनच येतो. विंडोज १० च्या बहुतेक मशीनवर अपडेटमधून आलेला असतो, पण ज्या मशीनला वर्षानुवर्षं नेटच नव्हतं तिथं नसतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत मायक्रोसॉफ्ट एज वेबव्ह्यू२ रनटाईम शोधा. असेल तर मॉडिफाय, मग रिपेअर. नसेल तर पेनड्राइव्हवरचा ऑफलाईन इन्स्टॉलर टाका.

टाकताना एक चूक नेहमीची. इन्स्टॉलर साधा डबल क्लिक करून चालवला आणि अ‍ॅडमिनची परवानगी मिळाली नाही तर रनटाईम फक्त त्या एका विंडोज युजरपुरताच बसतो. मालकाच्या लॉगिनमध्ये चालते, दिवाणजीच्या लॉगिनमध्ये पांढरं. म्हणून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करूनच टाका. नीट बसला की सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाईल्स एक्स८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात एज वेबव्ह्यू, त्यात अ‍ॅप्लिकेशन, आणि आत व्हर्जनच्या आकड्याचं फोल्डर दिसते.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर सरळ सांगतो, वेबव्ह्यू२ चं शेवटचं व्हर्जन तिथं १०९, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये हात काढून घेतला. नवीन रनटाईम तिथं चढणार नाही. अशा मशीनवर दोन तास घालवू नका, मालकाला खर्चाचं सांगून मोकळे व्हा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण २२एच२ व्हर्जनवर एज आणि वेबव्ह्यू२ चे अपडेट निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, तेव्हा फक्त या कारणासाठी विंडोज १० ची मशीन मोडीत काढायची गरज नाही.

अजून एक. रनटाईम स्वतःच अपडेट होतो, पण उघडं असलेलं सॉफ्टवेअर बंद करेपर्यंत जुन्याच व्हर्जनवर चालते. जिनिंगमध्ये हंगामात सॉफ्टवेअर आठ-आठ दिवस बंद करत नाहीत. अपडेटनंतर बिघडलं की आधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडा, मगच बाकीचं.

## पायरी ५: युजर डेटा फोल्डर, सगळ्यात जास्त केसेस इथंच

आतला ब्राउझर कुकी, कॅश, लॉगिन एका फोल्डरात ठेवतो. लिहिणाऱ्याने वेगळी जागा ठरवली नसेल तर वेबव्ह्यू२ हे फोल्डर ईएक्सईच्या शेजारीच बनवायला जाते. आता सॉफ्टवेअर प्रोग्राम फाईल्समध्ये असेल तर तिथं साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, आणि ८००७०००५ हा आकडा असलेला अ‍ॅक्सेस डिनाइडचा एरर येतो. किंवा काहीच न सांगता पांढरं.

यावर आपल्याकडचा जुगाड म्हणजे कायमचं रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. चालते, पण मग एक खिडकी साधी उघडलेली आणि एक अ‍ॅडमिन म्हणून, अशी खिचडी होते आणि दोघी एकाच फोल्डरावर भांडतात. त्यापेक्षा फोल्डरची जागा बदला. वेबव्ह्यू२ युजर डेटा फोल्डर या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमध्ये नावाने ठेवायची सेटिंग, असते, सगळी अक्षरं कॅपिटल आणि शब्दांच्या मधात अंडरस्कोर. त्यात युजरच्या लोकल अ‍ॅप डेटामधल्या एखाद्या फोल्डरचा पत्ता द्या. हे व्हेरिएबल मशीनवरच्या दुसऱ्या वेबव्ह्यू२ वाल्या प्रोग्रामलाही लागू होऊ शकते, म्हणून हा तात्पुरता इलाज समजा आणि कंपनीकडून कोडमध्येच दुरुस्ती मागा.

दुसरी केस अशी की काउंटर एक, काउंटर दोन, दोन्ही मशीनी मेन मशीनच्या शेअर फोल्डरातूनच ईएक्सई उघडतात. कॉपी करायचा कंटाळा, दुसरं काय. मग ब्राउझरचं फोल्डरही नेटवर्कवर बनते. नेटवर्क ड्राइव्हवर हे फोल्डर ठेवू नये असं मायक्रोसॉफ्टच सांगते, हळू चालते, क्रॅश होते, डेटा जातो. ८००७१३९एफ हा आकडा दिसला तर एकाच फोल्डरावर दोन ठिकाणहून वेगवेगळ्या सेटिंगने उघडायचा प्रयत्न होऊन राहिला असं समजा. प्रत्येक मशीनवर सॉफ्टवेअर लोकल टाका, डेटाबेस तेवढा शेअर ठेवा.

तिसरी केस लाईट जाण्याची. लिहिता लिहिता मशीन बंद पडली की फोल्डरातल्या फाईली खराब होतात. तेव्हा असं करा:

१. सॉफ्टवेअर बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाईन पाहून फक्त आपल्या सॉफ्टवेअरच्या उरलेल्या प्रोसेस बंद करा.
२. पायरी २ मध्ये वहीत उतरवलेला पत्ता उघडा.
३. फोल्डर डिलीट करू नका. नाव बदला, शेवटी जुने आणि आजची तारीख लावा.
४. सॉफ्टवेअर उघडा. फोल्डर नव्याने बनेल, लॉगिन परत मागेल.

मोठा धोका: काही सॉफ्टवेअर नेट नसताना केलेली बिलं किंवा अर्धवट भरलेले फॉर्म याच फोल्डरात ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये ठेवतात. फोल्डर उडवलं की तीही गेली. म्हणून नावच बदलायचं, आणि आधी विचारायचं की काही अपलोड व्हायचं राहिलं का. मी एकदा हे न विचारता डिलीट केलं होतं. एका सेतूवाल्याचे सकाळपासूनचे सतरा अर्ज गेले, संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी बसून परत भरले.

इलेक्ट्रॉनचं फोल्डर बहुतेक वेळा रोमिंग अ‍ॅप डेटामध्ये सॉफ्टवेअरच्याच नावाने असते. सेफशार्पचं जिथं लिहिणाऱ्याने ठेवलं तिथं. औषध तेच, नाव बदला. सेफशार्पमध्ये फाईल लोड होत नाही असा एरर असेल आणि त्याची डीएलएल जागेवरच दिसत असेल तर फोल्डर सोडा, व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज टाका. ते ३२ की ६४ बिट हे सॉफ्टवेअरच्या बिटवर ठरते, विंडोजच्या नाही.

## पायरी ६: काळा पडदा, चमकणारा पडदा

पेज येते पण काळं, स्क्रोल केलं की फाटल्यासारखं दिसते, किंवा खिडकी लहान-मोठी केली की क्षणभर दिसून गायब. हे ग्राफिक्सचं दुखणं. जुनी मशीन, जुना ड्रायव्हर.

आधी डिस्प्लेचा ड्रायव्हर अपडेट करा. जमलं नाही तर वेबव्ह्यू२ अ‍ॅडिशनल ब्राउझर आर्ग्युमेंट्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनवा, लिहायची पद्धत आधीसारखीच, आणि किमतीत दोन डॅश देऊन डिसेबल, एक डॅश, जीपीयू असं इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. सॉफ्टवेअर बंद करून उघडा. पडदा आला म्हणजे निदान पक्कं. हेही मशीनवरच्या सगळ्या वेबव्ह्यू२ प्रोग्रामला लागते, त्यामुळे नवीन ड्रायव्हर मिळाला की काढून टाका.

मे महिन्यात दुपारीच असं होत असेल आणि सकाळी नाही, तर सॉफ्टवेअर सोडा आणि कॅबिनेट उघडा. ४५ अंशात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली मशीन, पंख्यावर धूळ, जिनिंगमध्ये तर रुईचा थरच बसलेला असतो. ब्लोअर मारा.

अक्षरं एकदम मोठी किंवा बारीक झाली एवढीच तक्रार असेल तर कंट्रोल आणि शून्य दाबायला सांगा. कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरलेलं असते. पंधरा किलोमीटर वाचतात.

## पायरी ७: जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या कंट्रोलची केस

लक्षण वेगळं असते. पेज येते पण विस्कटलेलं, बटन दाबलं जात नाही, आणि पानातल्या स्क्रिप्टमध्ये एरर आहे, चालू ठेवायचं का, हो की नाही, असा पिवळ्या चिन्हाचा चौकोन दहा-दहा वेळा येतो.

लोक म्हणतात इंटरनेट एक्सप्लोरर बंद झाला म्हणून झालं. विंडोज १० वर तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला हे खरं, पण त्याचं इंजिन विंडोजमध्ये अजून आहे आणि हा कंट्रोल त्यावरच चालतो. अडचण ही की काही सांगितलं नाही तर हा कंट्रोल इंटरनेट एक्सप्लोरर ७ असल्यासारखा वागतो. त्याला ११ सारखं वाग असं रजिस्ट्रीत सांगावं लागते.

रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, मेन, फीचर कंट्रोल, आणि त्यात फीचर ब्राउझर एम्युलेशन. तिथं डीवर्ड बनवा, नाव म्हणजे सॉफ्टवेअरच्या ईएक्सईचं पूर्ण नाव, डॉट ईएक्सईसकट, आणि किंमत ११००१.

इथं जवळपास सगळे चुकतात: किंमत टाकायच्या चौकोनात आधी हेक्साडेसिमल निवडलेलं असते. तसंच ११००१ टाकलं तर आकडा भलताच होतो आणि काही बदलत नाही, मग माणूस म्हणतो ही युक्ती खोटी. आधी डेसिमल निवडा, मग आकडा टाका.

सोबत इंटरनेट ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर टीएलएस १.२ ची, म्हणजे एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची, खूण आहे का पाहा. एवढं करूनही पोर्टल विस्कटलेलंच असेल तर पोर्टलने नवीन जावास्क्रिप्ट वापरलं आहे आणि हे इंजिन ते समजूच शकत नाही. त्याला तुमच्याकडे उपाय नाही, सॉफ्टवेअरवाल्याला वेबव्ह्यू२ वर यावंच लागेल.

## पायरी ८: पेज चालते पण एकच गोष्ट अडते

गूगलने लॉगिन करा हे बटन दाबलं आणि ४०३ व डिसअलाऊड युजर एजंट असं आलं, तर तुमच्या मशीनमध्ये बिघाड नाही. सॉफ्टवेअरच्या आतल्या ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही, हे धोरण त्यांनी २०२१ पासून कडक केलं. सॉफ्टवेअरने लॉगिनसाठी बाहेरचा ब्राउझर उघडायला पाहिजे.

अंगठ्याचं मशीन क्रोममध्ये चालते, सॉफ्टवेअरमध्ये नाही, ही सेतूवाल्यांची रोजची ओरड. आधारची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठ्याचं मशीन पेजशी जोडणारा प्रोग्राम, त्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर ऐकत असते आणि पेज तिला शोधत जाते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ती चालू आहे का पाहा, अँटीव्हायरसची फायरवॉल त्या पोर्टला अडवते का पाहा. जुन्या कंट्रोलमध्ये एचटीटीपीएसचं पेज साध्या एचटीटीपीने स्वतःच्याच मशीनशी बोलायला गेलं की अडते, तिथं पायरी ७ चा शेवटचा परिच्छेद लागू.

पावतीची नवीन खिडकी उघडत नाही किंवा पीडीएफ उतरत नाही, तर बहुधा लिहिणाऱ्याने नवीन खिडकीची किंवा डाउनलोडची सोय केलेली नाही. तुम्ही क्रोममधून प्रिंट काढून वेळ मारून न्या आणि पुढची पायरी करा.

## पायरी ९: कंपनीला तक्रार द्यायची तर अशी द्या

"चालत नाही" असं लिहून पाठवलं की तिकडून "रिइन्स्टॉल करा" एवढंच येते. त्यांना हे द्या: विंडोजचं व्हर्जन, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, वेबव्ह्यू२ चं व्हर्जन, युजर डेटा फोल्डरचा पत्ता, पडद्याचा पूर्ण फोटो, एररचा आकडा, आणि वहीतून काय काय करून पाहिलं त्याचा क्रम. खिडकी आपोआप बंद पडत असेल तर युजर डेटा फोल्डरात ईबी वेबव्ह्यू, त्यात क्रॅशपॅड, त्यात रिपोर्ट्स, तिथल्या फाईली झिप करा. कुकीसकट अख्खं फोल्डर पाठवू नका, त्यात ग्राहकाचं चालू लॉगिन असते.

एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडत असतील तर नेटवर्क टॅब चालू ठेवून परत लोड करा, लाल ओळींचा फोटो काढा. आमच्याकडचं एक पांढरं पान असंच सापडलं, पोर्टल बरोबर होतं पण एक जावास्क्रिप्ट फाईल ज्या दुसऱ्या पत्त्यावरून येत होती तो पत्ता राउटरमध्ये कोणीतरी ब्लॉक केला होता.

## पायरी १०: सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांसाठी

यवतमाळ, अमरावतीत बसून दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच आहेत, आणि वरच्या निम्म्या केसेस त्यांच्याच चार ओळींनी मिटतात.

युजर डेटा फोल्डर लोकल अ‍ॅप डेटामध्ये स्वतः ठरवून द्या, डिफॉल्टवर सोडू नका. सुरू होताना रनटाईमचं व्हर्जन विचारा, नसेल तर मराठीत तसं लिहून दाखवा. नेव्हिगेशन पूर्ण झाल्याच्या इव्हेंटमध्ये यश की अपयश ते तपासा आणि अपयश असेल तर कारण खिडकीत लिहा, तारीख चुकीची आहे एवढं एक वाक्य दिसलं असतं तर त्या खतवाल्याचं दोनदा फॉरमॅट वाचलं असतं. प्रोसेस फेल झाल्याचा इव्हेंट पकडा: पेजची प्रोसेस मेली तर रिलोड पुरते, मुख्य ब्राउझर प्रोसेस मेली तर कंट्रोल नव्याने बनवावा लागतो. आणि कंट्रोल तयार होण्याची वाट अवेटने पाहा, डॉट रिझल्ट लावून यूआय थ्रेड अडवला तर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात आणि तुम्हाला वाटते मशीन हळू आहे.

ग्राहकाला द्यायच्या आधी आपल्याच टेबलावर एवढं करून पाहा. अ‍ॅडमिन नसलेला नवीन विंडोज युजर बनवून त्यात उघडा. लॅनची वायर काढून उघडा. तारीख दोन वर्षं मागे करून उघडा. पेज लोड होत असताना मशीनचा प्लग ओढा, परत चालू करा आणि उघडा. या चारीपैकी एकातही नुसती पांढरी खिडकी दिसली तर सेटअप अजून पाठवू नका.